पाकातल्या नाशपात्या आणि ताईची कवळी

रविवारी सकाळी मामा डबा घेऊन बहिणीच्या इमारतीत शिरला, की पहिल्या मजल्यापासूनच त्याचं कौतुक सुरू व्हायचं.

“आले का आमचे नाशपातीवाले!” पहिल्या मजल्यावरच्या काकू दार अर्धं उघडून म्हणायच्या. त्यांचं बोलणं असं, की प्रत्येक शब्द आधी साखरेत घोळवायचा आणि मगच तोंडाबाहेर काढायचा. “असाऽऽ भाऊ मिळायला नशीब लागतं हो. नाहीतर आमचा! जिवंत आहे हे आम्हाला त्याच्या बायकोने टाकलेल्या फोटोंवरून कळतं.”

मामा हसायचा. म्हणजे ओठ बाजूला ताणायचा. त्याला हसणं म्हणायचं असेल तर म्हणा. मग डबा छातीशी घट्ट धरून उरलेले जिने चढायचा, जणू त्यात चोरीचा माल आहे.

ताईला नाशपात्या लागायच्या त्या मामामुळे. तिला दुसरं काही धड चावता येत नव्हतं, तेही मामामुळे. आणि तिला यातलं काहीच माहीत नव्हतं, हे तर सगळ्यात जास्त मामामुळे.

मामा कवळ्या बनवायचा. दातांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत त्याचं टेबल होतं. एका बाजूला प्लास्टरचे जबडे ओळीने आ वासून बसलेले, दुसऱ्या बाजूला मेणाच्या गुलाबी पट्ट्या, मध्ये स्पिरिटचा छोटा दिवा आणि या पसाऱ्यात कुठेतरी मामाचा थंड झालेला चहा. पुढच्या खोलीत डॉक्टरीणबाई माप घ्यायच्या, मागच्या खोलीत मामा दात बसवायचा. ‘कवळीमामा’ हे नाव भाचीने लहानपणी ठेवलं, ते असं चिकटलं की पुढे पेशंटही तेच म्हणायला लागले. मामी रागावली की “अहो कवळीमामा” म्हणायची. लाडात आली तरी तेच. फरक सुरावरून ओळखायचा.

ताईचे उरलेसुरले दात काढून झाले तेव्हा मामा डॉक्टरीणबाईंपुढे जाऊन उभा राहिला. “बाई, हिचं मापही मीच घेणार.”

बाई मोजकं बोलायच्या. “घ्या. पण दोनदा घ्या.”

“दोनदा कशाला? तो जबडा मी जन्मापासून ओळखतो, बाई. रोज माझ्यावरच चालायचा.”

सगळे हसले. मामाला ते वाक्य इतकं आवडलं की त्याने ते दिवसभर येईल त्याला ऐकवलं. एकाच मापात करून दाखवतो, बघाच.

आता कवळीत सगळ्यात नाजूक काय, तर चाव्याचं माप. वर-खाली मेणाच्या पट्ट्या तोंडात घालायच्या, माणसाला अंग सैल सोडायला सांगायचं, आवंढा गिळायला लावायचा आणि मग हळूच तोंड मिटायला सांगायचं. जबडा आपल्या आपण जिथे येऊन टेकतो, ती त्याची जागा. तिथे खूण करायची. पुढचं सगळं त्या खुणेवर. ती चुकली, की दात मोत्यासारखे दिसोत नाहीतर हिऱ्यासारखे, तोंडात ते परकेच.

पण खुर्चीत बसली होती ताई. आणि ताई म्हणजे नकलांचं दुकान. शेजारी, पोस्टमन, बिघडलेली लिफ्ट, कुणी सुटायचं नाही. तोंडात मेणाच्या पट्ट्या असताना तिने बाहेर बसणाऱ्या रिसेप्शनिस्टचा आवाज काढला. “नाऽऽव? वऽऽय? दुखतंय, की नुसतंच बघायचंय?” मेणामुळे तो आवाज हुबेहूब झाला. मामाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

“पुरे गं बाई! मीट आता तोंड. मीट!”

ताईने तोंड मिटलं. पण खांदे अजून गदगदत होते, आणि हसू दाबताना जबडा हळूच पुढे सरकला. लहान मूल वेडावून दाखवताना हनुवटी पुढे काढतं ना, तसा. मामाने ते बघितलं. चांगलं डोळ्यांनी बघितलं. आणि मनात म्हणाला, चालेल.

टेबलावर बिजागरीच्या यंत्रात दोन्ही साचे बसवले तेव्हा ते आणखी स्पष्ट दिसलं. वरचा जबडा जागेवर, खालचा भलताच पुढे. ताईला एक फोन करायचा होता. “ये गं परत, पाच मिनिटांचं काम आहे.” एवढंच. पण पुढच्या खोलीत डॉक्टरीणबाई होत्या, त्यांनी मान वर करून नुसतं बघितलं असतं. काही बोलल्यासुद्धा नसत्या, आणि तेच वाईट. मग मामाने इथे थोडं घासलं, तिथे एक दात कलता केला, मागच्या दाढा घासून जरा उतरवल्या. वरून बघणाऱ्याला काही कळलं नसतं.

कवळी घातलेल्या ताईने आरशात बघितलं आणि गालावर हात ठेवला. “अगंबाई! ही कोण तरणीताठी?”

“टोचत नाही ना कुठे?”

“छे रे! माझ्या भावाने केलीये. टोचायची हिंमत आहे का तिची?”

बस्स. तिथे तोंडाशी आलेलं जे मामाने गिळलं, ते पोटात जाऊन बसलं आणि मुक्कामच ठोकला त्याने.

पुढच्या वेळी तो ताईकडे गेला, तर भाचीने सफरचंद चिरून ठेवलं होतं. ताईने एक फोड उचलली, बोलता बोलता ताटलीच्या कडेला ठेवली, मग दुसरी उचलली, तीही ठेवली. जन्मभर सफरचंद करकचून तोडणारी बाई. मामा घरी आला तो सरळ बाजारात गेला आणि केळी घेऊन परतला. ती बघून ताई म्हणाली, “मला काय भरवायला आलायस? लाळेरं आणलंस का?” केळी बाद झाली.

मग नाशपात्या सुरू झाल्या. कुठल्याशा मासिकात मामाने चित्र बघितलं होतं: काचेच्या वाडग्यात देठासकट उभी नाशपाती, खाली तांबूस पाक. थाटाचा पदार्थ. हे आजाऱ्याचं खाणं वाटणार नाही, असा त्याचा हिशेब.

पहिल्या खेपेला त्याने चांगल्या पिकलेल्या नाशपात्या घेतल्या आणि पाक खळखळून उकळला. पातेल्यात उरली खळ. मामीने डावाने ढवळून बघितलं. “अहो कवळीमामा, पोस्टर चिकटवायचेत का कुठे?”

दुसऱ्या खेपेला फळं पाकावर तरंगली. खालची बाजू शिजली, वरची कच्ची राहून काळी पडली. मग त्याला युक्त्या कळत गेल्या. फळ टणक घ्यायचं, जेमतेम पिकायला लागलेलं. सोलताना सुरी देठापासून खाली एका दमात आणायची, नाहीतर कंगोरे पडतात. सोललेलं फळ लगेच लिंबाच्या पाण्यात बुडवायचं. पाकात दालचिनीचा तुकडा, दोन लवंगा, लिंबाची पिवळी साल. पांढरा भाग आला तर कडू. वर बटर पेपरची पातेल्याएवढी चकती कापून, मध्ये भोक पाडून, फळांवरच झोपवायची, म्हणजे ती बुडून राहतात. आणि आच इतकी मंद, की पाक नुसता शहारला पाहिजे, बुडबुडा फुटता कामा नये. शिजलंय का, ते मामा मेण कोरायच्या नव्या कोऱ्या हत्याराने बघायचा. टोक बुडापाशी टेकवायचं. लोण्यात जावं तसं गेलं की गॅस बंद. मग फळं बाहेर काढायची नाहीत, पाकातच गार होऊ द्यायची. तेव्हाच गोडी आत जाते.

त्या कामात मामाने एकही गोष्ट ‘चालेल’ म्हणून सोडली नाही. एका फळावर सुरी अडखळली तर ते बाजूला. पाक धुरकट वाटला तर गाळून पुन्हा. मामी ओट्याला टेकून हे बघायची. “बहिणीचं एवढं करणारा माणूस मी नाही बाई बघितला. माझ्यासाठी कधी अंडं तरी उकडलंत?” मामा मान खाली घालून चकती कापत राहायचा. हेच हात तेव्हा कुठे गेले होते, हा प्रश्न त्याला कात्रीच्या प्रत्येक कचकच आवाजात ऐकू यायचा.

नाशपात्या जितक्या चांगल्या जमायला लागल्या, तितकं ते वाईट होत गेलं. कारण ताई खूश होती. जिभेने दाबलं तरी फळ विरघळायचं, दातांची गरजच नाही. “काय हात आहे रे तुझा!” ती म्हणायची. तोंडापुढे तळवा धरून. ही सवय नवी होती. नवीन आणखीही बरंच होतं. ‘स’ म्हटलं की बारीक शिट्टी यायची. वाक्य संपलं की खट् वाजायचं. आणि नकला बंद झाल्या होत्या. भाचीने आग्रह केला तर ताई म्हणायची, “जाऊ दे गं, तेच तेच काय.”

दर शनिवारी ती वाचनालयात लहान मुलांना गोष्टी वाचून दाखवायची. वाघ, वाघाची सासू, झोपाळू पहारेकरी, सगळ्यांचे आवाज एकटी काढायची. मुलं सतरंजीवर लोळायची. एका शनिवारी वाघ बोलून थांबला आणि तोंडात खट् झालं. पुढे बसलेल्या एका चिमुरडीने लगेच तसंच केलं. खट्! मग शेजारचीने. मग सगळ्यांनी. जन्मभर दुसऱ्यांच्या नकला करणाऱ्या ताईला हसावंच लागलं. ती हसली, पुस्तक संपवलं, घरी आली आणि पुढच्या शनिवारी घसा बसला म्हणून गेली नाही. त्याच्या पुढच्या शनिवारीही घसा बसलेलाच होता.

हे मामाला भाचीने सांगितलं. वर म्हणाली, “आईचं वय झालं रे मामा. चालायचंच.” मामाने पाणी मागितलं.

त्याला सांगता येत नव्हतं. म्हणून त्याने एक आडवाट शोधली. ताईनेच तक्रार केली तर? तिने एकदा म्हणावं, “अरे, चावत नाही रे.” मग तो म्हणू शकला असता, “अस्सं? दाखव बघू. नवी करून टाकू.” सगळं सुरळीत झालं असतं, आणि तोंड काळं न होता. तर पुढच्या रविवारी मामाने गॅस मुद्दाम लवकर बंद केला. हत्याराचं टोक फळात शिरताना करकरत होतं.

ताईने वाडगा घेतला. चमच्याने तुकडा पाडायला जोर लागला, तशी तिने एकदा मामाकडे बघितलं. तुकडा तोंडात घातला. जबडा एकदा डावीकडे गेला, एकदा उजवीकडे. गळ्याची शीर ताठ झाली. मग तिने तो तुकडा तसाच, अख्खा, गिळला. डोळ्यांत पाणी आलं.

“वा,” ती म्हणाली. “आज वेगळंच काहीतरी केलंस. छान आहे.”

“जरा कच्ची राहिली का?” मामा म्हणाला. सांग, ताई. सांग ना.

“छे, छे! अशीच हवी. दाताखाली आली पाहिजे.” आणि तिने दुसरा तुकडा पाडला. तो मात्र गालातच राहिला. थोड्या वेळाने “पाणी आणते” म्हणून ती उठली.

मामा मागोमाग गेला. ताई सिंकवर वाकली होती. कवळी काढून तिने नळाखाली धरली होती, आणि दुसऱ्या हाताने ओठ खाली ओढून ती खिडकीच्या काचेत आपली हिरडी बघत होती. खालच्या हिरडीवर लालभडक रेघ होती, दोरा काचल्यासारखी. आणि मामाने दाढा जिथे उतरवल्या होत्या, नेमकी तिथे एक पांढरट जखम. ती ओळखायला त्याला दिवा लागला नाही, भिंग लागलं नाही.

ताई दचकली. कवळी घाईने तोंडात घालायला गेली, पण हात थांबला. “बघितलंस ना?” ती म्हणाली. दात नसल्याने शब्द मऊ आणि ओले येत होते. “तुला सांगणार नव्हते. तुला वाटेल तुझंच काही चुकलं. तू केलीस बाबा सोन्यासारखी. माझ्या हिरड्याच नालायक निघाल्या.” मग बाहेर हाक मारली, “अगं, वाचनालयात फोन कर गं तेवढा. म्हणावं आईचं आता काही जमत नाही, दुसरं कुणीतरी बघा.”

“करते,” भाची बाहेरून म्हणाली.

“थांब!” मामा ओरडला. एवढ्याशा स्वयंपाकघरात तो आवाज केवढा तरी झाला. भाची फोन हातात घेऊन दारात आली.

मामाने डबा उघडला, नाशपात्या पातेल्यात ओतल्या, गॅस पेटवला आणि त्यांच्यावर पाक सोडला. हातांना काहीतरी काम हवं होतं. पातेल्याकडे बघत तो बोलायला लागला. “हिरड्या चांगल्या आहेत तुझ्या. माप चुकलं होतं. तू हसत होतीस, जबडा पुढे आला होता, आणि मी तसंच घेतलं.”

“म्हणजे तुला नंतर कळलं?”

खोटं बोलायला केवढी तरी मोठी फट होती. शिरला असता आरामात.

“नाही. तेव्हाच.”

“आणि या नाशपात्या?”

मामा पाक हलवत राहिला.

“मी विचारते, या नाशपात्या कशासाठी होत्या?”

“तुला चावता येत नाही हे मला माहीत होतं म्हणून. आणि आजच्या मुद्दाम कच्च्या ठेवल्या. तू तक्रार करशील म्हणून.”

ताईने कवळी ओट्यावर ठेवली. मग ती ताठ उभी राहिली, मान जराशी तिरकी केली, एक भुवई वर नेली आणि दात नसलेल्या तोंडातून मामाचा आवाज बाहेर आला. अगदी तोच; तोच लाडिक, तोच घाईचा. “टोचत नाही ना कुठे? नाही ना? झालं तर मग!” थांबली. मग पुन्हा, आणखी हुबेहूब, “जरा कच्ची राहिली का गं?”

कितीतरी महिन्यांनी ताईने नक्कल केली होती. भाची हसली नाही. मामाला वाटलं, त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

“मी आरशासमोर बसून बोलायची सवय करत होते,” ताई आपल्या आवाजात म्हणाली. “रोज दुपारी. सासू, ससा, सरबत. वाटायचं, आपणच आळशी, आपल्यालाच जमत नाही. लोकांचे भाऊ कवळ्या करत नाहीत, माझ्या भावाने एवढी मेहनत घेतली आणि माझं मेलं तोंडच असं. तुला दया येऊन तू दर रविवारी येतोस असं वाटायचं मला. मला लाज वाटायची रे, तुझ्यापुढे.”

मामा कसंबसं म्हणाला, “मी नवी करतो. उद्याच माप घेतो. दोनदा घेतो, चारदा घेतो—”

“तू नाही.”

“ताई—”

“तू नाही म्हटलं ना. चिमट्याला फोन लाव.”

चिमटा म्हणजे मामाचा जुना सोबती. दोघं एकाच ठिकाणी काम शिकले होते. शहराच्या दुसऱ्या टोकाला तो कवळ्या बनवायचा, आणि एक माप इतक्या वेळा घ्यायचा की पेशंट कंटाळून झोपी जायचे. नाकात बोलायचा, हळू बोलायचा. मामाने त्याची इतकी वर्षं टिंगल केली होती की त्याचा नंबर लावताना बोट वळेना. भाचीने पुढे होऊन फोनचा स्पीकर सुरू केला.

“हंऽऽ, बोला,” चिमटा म्हणाला. “आज कशी काय आठवण?”

“माझ्या बहिणीची कवळी आहे. नवी करायचीये. तू केलीस तर बरं.”

“हंऽऽ. आधीची कुणी केलीये?”

“मी.”

चिमटा हसला असता तर मामाला जरा सोपं गेलं असतं.

“सैल झाली का? की हिरड्या बसल्या?”

मामाने ताईकडे बघितलं. ताई त्याच्याकडे बघत नव्हती, फोनकडे बघत होती.

“हिरड्या उत्तम आहेत,” मामा म्हणाला. “चाव्याचं माप चुकलं. खालचा जबडा पुढे असताना घेतलं. मला दिसलं होतं. तरी तसंच केलं, आणि जुळत नव्हतं म्हणून दाढा घासल्या. तिला खालच्या बाजूला जखम आहे. ती आधी भरू दे, मग माप घे.”

“हंऽऽ,” चिमटा म्हणाला. “बुधवारी पाठवा त्यांना. तोवर कवळी घालू देऊ नका. आणि तुम्ही नका येऊ सोबत. पेशंटला मोकळं बसता आलं पाहिजे.”

फोन बंद झाला तेव्हा पातेल्यातला पाक खळखळ उकळत होता. कुणाचंच लक्ष नव्हतं. नाशपात्या फुटल्या होत्या, देठं सुटून वर तरंगत होती. मामाने घाईने गॅस बंद केला. “दुसऱ्या करून आणतो,” तो सवयीने म्हणाला.

ताईने त्याच्या हातातला डाव काढून घेतला, तो लगदा वाडग्यात वाढून घेतला आणि तिथेच ओट्याशी उभी राहून खायला लागली. तोंडापुढे हात न धरता. बोळक्या तोंडाने, आवाज करत. त्याला घे म्हणाली नाही. भाचीला म्हणाली, “वाचनालयात सांग, जागा कुणाला देऊ नका म्हणावं. वेळ लागेल, पण मी येणार आहे.”

मामाने पातेलं घासलं. डबा घासला. पुसला. झाकण लावलं. आणखी काही घासायला उरलं नाही तेव्हा दारापाशी जाऊन उभा राहिला.

“रविवारी येऊ का?” त्याने विचारलं.

ताईने वाडगा चाटूनपुसून साफ केला. मग पहिल्यांदा त्याच्याकडे नीट बघितलं.

“ये,” ती म्हणाली. “हात हलवत ये.”